टेबलाखालचे सहा महिने

गच्चीवरच्या खोलीत १२ फूट बाय ५ फूट प्लायवुडच्या टेबलावर मी एचओ मापाची, म्हणजे १:८७ प्रमाणाची, रेल्वे मांडली आहे. तिच्यात एकात एक असे तीन लूप आहेत. बाहेरच्या लुपाची त्रिज्या २६ इंच, मधल्याची २४ आणि आतल्याची २२. याशिवाय आतल्या लुपाला तिरपा छेद देऊन जाणारा एक रूळमार्ग आहे, ज्यावरून गाडी गेली की तिचे तोंड फिरते. हा नाद पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय पाहिल्यापासूनचा. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे, म्हणजे या प्रमाणात रुळांतले अंतर १९.३ मिलिमीटर हवे आणि बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटरचे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे आणि तिकडे काणाडोळा करण्याची सवयही झाली आहे.

सुरुवातीला प्रत्येक लुपाला स्वतंत्र साधा कंट्रोलर होता. रुळांत जितके व्होल्ट सोडावेत तितक्या वेगाने त्या लुपावरचे इंजिन धावे. अडचण एका लुपावरून दुसऱ्यावर जाताना येई, कारण दोन्ही कंट्रोलरचा वेग आणि दिशा अचूक जुळवल्याशिवाय सांध्यावर, म्हणजे गाडी जिथे रूळ बदलते त्या जागी, ती अडखळत असे, आणि एका लुपावर दोन इंजिने ठेवली की दोन्ही एकदमच चालू लागत. म्हणून मी डिजिटल नियंत्रणाकडे, म्हणजे डीसीसीकडे वळलो. यात रुळांत कायम पूर्ण दाब असतो, माझ्याकडे सुमारे १५ व्होल्टचा. मात्र तो क्षणोक्षणी उलटसुलट होत असतो आणि त्या उलटण्याच्या कालावधीतच संदेश दडलेला असतो. अर्धा स्पंद ५८ मायक्रोसेकंदांचा असला तर तो १, सुमारे १०० मायक्रोसेकंदांचा असला तर ०. इंजिनातला डिकोडर आपल्या क्रमांकाचा संदेश तेवढा उचलतो आणि मोटरला हवा तितकाच प्रवाह देतो.

५ अँपिअरचे तयार नियंत्रण केंद्र आणले आणि जुन्याच वायरिंगला जोडले. डिकोडर असलेली नवी इंजिने कारखान्यातून सहसा ३ हाच क्रमांक घेऊन येतात, त्यामुळे पहिल्या संध्याकाळी तिन्ही इंजिने एकाच बटणावर कवायतीसारखी निघाली. वेगळ्या, इतर रुळांशी कुठेही न जोडलेल्या फूटभर रुळावर एकेक इंजिन ठेवून क्रमांक बदलले आणि दोन संध्याकाळींत डिजिटल बाजू आटोपली. पुढचे सहा महिने टेबलाखाली पाठीवर पडून गेले.

पहिली तक्रार अशी की, केंद्राच्या जवळ गाड्या झोकात धावत आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला मरगळत. मला आधी डिकोडरचा संशय आला, मग चाकांचा. मी चाके पुसली, रूळ पुसले, फरक पडला नाही. शेवटी मल्टिमीटर एसीवर ठेवून रुळांवर टेकवला. डीसीसीचा दाब साधा मल्टिमीटर नेमका दाखवत नाही, पण दोन ठिकाणच्या आकड्यांतला फरक कळायला तो पुरतो. रिकाम्या रुळांवर दोन्हीकडे आकडा सारखाच होता. तिन्ही गाड्या धावू लागल्या की पलीकडे तो तीन व्होल्टांहून अधिक खाली जाई.

कारण माझ्याच हातचे होते. मी घरात पडून असलेली टेलिफोनची अर्धा मिलिमीटर व्यासाची वायर वापरली होती आणि प्रत्येक लुपाला एकाच ठिकाणी जोड दिला होता. बाकीचा प्रवास रुळांच्या जोडांवर, त्या चिमुकल्या पत्र्याच्या फिशप्लेटांवर, सोपवला होता. त्या वायरीचा रोध मीटरला ०.०९ ओहमच्या आसपास असतो. जाऊन-येऊन १० मीटर धरले तर ०.९ ओहम, आणि ३ अँपिअरला जवळपास २.७ व्होल्ट वायरीतच जिरले. फिशप्लेटांचा हिशेब वेगळाच.

याहून गंभीर गोष्ट नाणे ठेवल्यावर कळली. रुळांवर आडवे नाणे ठेवून मुद्दाम शॉर्ट करायचा आणि केंद्र तत्काळ बंद पडते का ते पाहायचे, ही या छंदातली जुनी परीक्षा आहे. पाच रुपयांचे नाणे केंद्राजवळ ठेवले, केंद्र टपकन बंद पडले. तेच नाणे पलीकडच्या टोकाला ठेवले आणि काहीच झाले नाही. १५ व्होल्टला वाटेतला एकूण रोध ३ ओहमहून जास्त असला की प्रवाह ५ अँपिअरपर्यंत पोहोचतच नाही. केंद्राला ते फार तर मोठा भार वाटतो आणि साठ-सत्तर वॅटची उष्णता त्या वायरीत आणि जोडांत साचत राहते. मी नाणे उचलले तेव्हा जवळची फिशप्लेट बोटाला चटका बसण्याइतकी तापली होती आणि तिच्याखालचा प्लास्टिकचा स्लीपर नरम पडला होता. खोलीत कोणी नसताना गाडी घसरून असाच शॉर्ट झाला असता तर काय, या विचाराने मी त्याच रात्री सगळी जुनी वायर कापून काढली.

दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत गेलो. दुकानदाराला टेबलाचे माप सांगून दीडची वायर मागितली, तशी तो म्हणाला, “साहेब, खेळण्यातल्या गाडीला घराची वायर?” दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरला ०.०१२ ओहम रोध करते. त्याच १० मीटरला ३ अँपिअरवर फक्त ०.३६ व्होल्टचा फटका. मी लाल आणि काळी अशी दोन भेंडोळी घेतली. प्रत्येक भेंडोळे नव्वद मीटरचे असते, त्यामुळे उरलेल्या वायरीवर घरातले अजून बोलतात.

केंद्र टेबलाच्या लांब बाजूच्या मध्यावर हलवले आणि तिथून दोन्हीकडे या जाड वायरीची एकेक फांदी टेबलाखालून नेली. दोन्ही फांद्यांची टोके पलीकडे एकमेकांना जोडली नाहीत. कडे पूर्ण केले आणि कुठे लाल-काळी उलटली तर चूक शोधणे कठीण होते. या मुख्य वायरीपासून प्रत्येक रुळाच्या तुकड्याला वीतभर लांबीची बारीक वायर दिली, एकही तुकडा फिशप्लेटच्या भरवशावर ठेवला नाही. असे ४० जोड झाले, म्हणजे ८० वेळा सोल्डर. आधी मी २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न वापरत होतो. ते रूळ तापवायला इतका वेळ घेई की तोवर स्लीपर वितळत. ६० वॅटच्या आयर्नने रुळाच्या बाहेरच्या अंगाला फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचा लेप, लावून दोन-तीन सेकंदांत काम होते आणि प्लास्टिकला झळ लागत नाही.

इतके करूनही मधल्या लुपावरून बाहेरच्यावर जाणाऱ्या सांध्यावर इंजिन आले की केंद्र बंद पडे. मी सांध्याचा फ्रॉग, म्हणजे दोन रूळ जिथे छेदतात तो धातूचा तुकडा, दोन दिवस तपासत बसलो. शेवटी एक सोपी चाचणी सुचली. मल्टिमीटरचे एक टोक बाहेरच्या लुपाच्या भिंतीकडच्या रुळावर आणि दुसरे मधल्या लुपाच्या भिंतीकडच्या रुळावर ठेवले. दोन्ही एकाच वायरीवर असतील तर आकडा शून्य यायला हवा. तिथे पूर्ण १५ आले. पाठीवर पडून काम करताना मधल्या लुपाची लाल आणि काळी मी उलट समजलो होतो. खालून पाहताना डावे-उजवे बदलते, हे पन्नाशीत नव्याने शिकलो. त्यानंतर मी प्रत्येक लुपाच्या भिंतीकडच्या रुळाखाली, प्लायवुडच्या तळाला, लाल रंगाचा ठिपका दिला.

तिरप्या मार्गाचे प्रकरण सर्वांत लांबले. त्या मार्गावरून गाडी फिरून परत लुपावर येते तेव्हा डावा रूळ उजव्याला भेटतो, म्हणजे शॉर्ट ठरलेलाच. उपाय असा की त्या मार्गाचा एक तुकडा दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत, फटी ठेवून वेगळा करायचा आणि त्याला स्वयंचलित उलटक जोडायचा. चाक फटीवर येताच उलटक शॉर्ट ओळखतो आणि त्या तुकड्याची लाल-काळी क्षणार्धात बदलतो. धावत्या इंजिनाला याचा पत्ता लागत नाही, कारण त्याची दिशा रुळांतल्या विजेवरून ठरत नाही, संदेशावरून ठरते. मुख्य ब्रेकरच्या, म्हणजे शॉर्ट झाला की केंद्र बंद पाडणाऱ्या यंत्रणेच्या, आधी उलटकाने हालचाल करावी म्हणून त्याची मर्यादा ब्रेकरहून कमी ठेवली.

एकटे इंजिन सुरेख फिरले. मग मागे दिव्यांचे पाच डबे जोडले आणि उलटकाचा रिले, म्हणजे त्यातली विजेवर हलणारी खटकी, गव्हाच्या चाळणीसारखा खडखडू लागला. गाडी १.५५ मीटर लांब होती आणि मी वेगळा केलेला तुकडा १.३ मीटरचा. इंजिन पुढच्या फटीवर असताना शेवटच्या डब्याची धातूची चाके मागच्या फटीवर होती. पुढची फट जुळवली की मागची बिघडे, मागची जुळवली की पुढची. दोन्ही फटी सांध्यांच्या दिशेने सरकवून तुकडा १.८ मीटरचा केला, जुन्या फटींना तांब्याच्या तारेने जोड दिला आणि नव्या फटींत रूळ गरमीने पसरून टेकू नयेत म्हणून प्लास्टिकचे पातळ तुकडे चिकटवून रुळाच्या आकारात कानसले.

आता तिन्ही लुपांवर तीन गाड्या धावत असताना पलीकडच्या टोकाला मल्टिमीटर अर्ध्या व्होल्टाहून कमी फरक दाखवतो आणि नाणे टेबलावर कुठेही ठेवले तरी केंद्र त्याच क्षणी बंद पडते. तिरप्या मार्गावर गाडी शिरली की टेबलाखालून रिलेचा एकच ‘टक’ ऐकू येतो. सांध्यांच्या मोटरी आणि स्टेशनचे दिवे मात्र मी रुळांच्या विजेवर घेतले नाहीत; त्यांना १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॅप्टर दिला आहे, आणि त्याच्या वायरी पिवळ्या आहेत.