फिरायला गेलात, पण पैसे कुणाच्या घरात गेले?

समुद्रकिनाऱ्यावर वादळ नाहीतर त्सुनामी येऊन गेली की काही महिन्यांनी हमखास ऐकू येतं, "तिकडे फिरायला जा, तेवढाच त्यांना हातभार". पटतं मला, पण अर्धंच. पैसा येतो हो, पण मच्छीमाराच्या घरात जातो का?

२६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी घ्या. श्रीलंकेत सरकारने नंतर नियम काढला, दक्षिण व पश्चिम बाजूला किनाऱ्यापासून १०० मीटर आणि उत्तर व पूर्व बाजूला २०० मीटरच्या आत घर बांधायचं नाही. सुरक्षेसाठी म्हणे. बरं, पण हॉटेलांना सूट! लाट काय पर्यटक बघून परत फिरते? इकडे मच्छीमाराची होडी किनाऱ्यावर, जाळी किनाऱ्यावर, इंजिन चोरीला जाईल म्हणून ते सुटं करून खांद्यावर घेऊन घरी न्यायचं, आणि नवीन घर मिळणार पार आत, मग माणूस ते धूड रोज कुठवर वाहणार सांगा. ओरड झाल्यावर नियम सैल केला, पण तोवर बरीच कुटुंबं हललेली.

उलट थायलंडमध्ये रानोंग प्रांतात बान तलाय नोक म्हणून मच्छीमारांचं छोटं गाव आहे, त्याच त्सुनामीत उद्ध्वस्त झालेलं. तिथे गावानेच होमस्टे चालू केले, बायकांनी गट करून साबण बनवायला घेतला, पाहुणे त्यांच्याच घरात राहतात आणि मासेमारीही चालू आहे. मला हे जास्त आवडलं, कारण जाळं टाकायचं सोडून वेटर व्हा असं कुणी म्हणालं नाही.

जपानने २०११ च्या त्सुनामीनंतर ईशान्य किनाऱ्यावर मिचिनोकू कोस्टल ट्रेल ही पायी फिरायची वाट केली, साधारण १००० किलोमीटर, २०१९ मध्ये पूर्ण उघडली. चालणारा माणूस एका दिवसात जाऊन जाऊन किती जाणार, रात्री कुठल्यातरी छोट्या बंदरावर मुक्काम करणारच, म्हणजे पैसा एका रिसॉर्टमध्ये न साठता गावागावात थोडा थोडा पडतो.

आणि नुसत्या पर्यटनावर गाव उभं करणं पण डेंजरच, २०२० मध्ये कोविडने सगळं बंद पडलं तेव्हा ज्यांच्याकडे होडी होती त्यांना निदान समुद्र तरी होता. म्हणून मदतीचा पैसा आधी होडी, इंजिन, बर्फ यावर जावा, खोल्या बांधायचं नंतर बघू.

मी तरी आता बुकिंग करताना फोनवर सरळ विचारतो, घर कुणाचं, बोट कुणाची. काही जण चिडतात, चिडू देत.