मतांचा रकाना

आमच्या कार्यालयात १६ रजिस्टरं आहेत. आवक, जावक, शिफारसपत्रं, दवाखान्याच्या मदतीचे अर्ज, संजय गांधी निराधार योजनेची प्रकरणं, विजेच्या डीपीच्या तक्रारी, शाळाप्रवेश, लग्नपत्रिका, आणि तेरवीच्या निरोपांचंही एक वेगळं. एका आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात मी नऊ वर्षांपासून या नोंदी सांभाळते. नागपूर जिल्ह्यात विधानसभेचे १२ मतदारसंघ आहेत, त्यांतला एक आमचा. कोणता, आणि भाऊ कोणत्या पक्षाचे, ते सांगणार नाही. ज्यांनी विश्वासाने काम दिलं त्यांचं नाव घेऊन असं लिहू नये, एवढं मला कळतं. पण डिसेंबरातला तो दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

बाहेरच्यांना वाटतं आमदाराच्या ऑफिसात नुसती पत्रं छापली जातात. उदाहरण आमदार निधीचं घ्या. वर्षाला ५ कोटी, असं लोक बोलतात, जणू पैसे भाऊंच्या कपाटात आहेत. त्यातला एक रुपयाही आमच्या हाताला लागत नाही. आमदार फक्त काम सुचवतात. मग जागा कोणाच्या मालकीची ते बघा, यंत्रणेकडून अंदाजपत्रक घ्या, तांत्रिक मान्यता, जिल्हा नियोजनकडून प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. सातबाऱ्यावर एक जुना वारस निघाला की सभामंडप दोन वर्षं अडकतो. कोणती फाइल कोणत्या टेबलावर किती दिवसांपासून आहे हे मी रजिस्टर न उघडता सांगू शकते, आणि याचा मला अभिमान आहे.

तारांकित प्रश्नांचे, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांचे, मसुदेही मीच करते. 'हे खरे आहे काय', 'असल्यास', आणि शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. या शेवटच्या ओळीवर माझा फार जीव आहे. प्रश्न ढिला लिहिला की उत्तर येतं 'अंशतः खरे आहे', आणि त्यापुढे 'प्रश्न उद्भवत नाही'. गावाचं नाव, कामाचं नाव, मंजुरीचा दिनांक, सगळं प्रश्नात बांधून घातलं तर विभागाला पळता येत नाही. नियम १०५ ची लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, लागली आणि मंत्र्यांना सभागृहात तारीख द्यावी लागली, असं आमच्या बाबतीत चार वेळा झालंय. त्या चारही पानांच्या प्रती माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.

हे सगळं दरवर्षी कार्य अहवालात जातं. ६४ पानं, गुळगुळीत कागद, घरोघरी वाटप.

अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरचं चित्र वेगळं असतं. १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळ वर्षातून एकदा आमच्या शहरात येतं. टेकडी रोड आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर मोर्चे, सिव्हिल लाइन्सचे रस्ते वळवलेले, बाहेरचे आमदार आमदार निवासात. आमचे भाऊ मात्र घरी झोपतात, त्यामुळे लोक सकाळी सहालाच दारात. कोणाला गॅलरीचा पास पाहिजे, कोणाला मंत्र्यांची दोन मिनिटं.

त्या गर्दीत एक काका आले. एजी ऑफिसातून, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखाकार कार्यालयातून, निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, मफलर, हातात आमचाच कार्य अहवाल. पास नको होता, पत्र नको होतं. अहवालाच्या पानापानावर पेन्सिलीने बारीक खुणा होत्या. मला वाटलं, चुका काढल्या असतील, म्हणून मी आधीच सावरून बसले.

"ताई, हिशेब चांगला ठेवता तुम्ही," ते म्हणाले. "पण यात मतांचा रकाना नाही."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, मागच्या निवडणुकीची बूथनिहाय आकडेवारी आहे, पाहिजे तर दाखवते.

"आम्ही त्यांना दिलेली मतं नाही. त्यांनी तिथं बसून दिलेली. आम्ही पाठवलं ते कायदे करायला न? कोणत्या कायद्याले होय म्हटलं, कोणत्याले नाही, एवढं लिहून द्या. सगळे नाही मागत. एकच सांगतो."

आणि त्यांनी दोन वर्षांपूर्वी मुंबईत मंजूर झालेल्या एका विधेयकाचं नाव सांगितलं. त्या कायद्याचा त्यांच्या मुलीच्या नोकरीशी संबंध होता. संध्याकाळी उत्तर देते म्हणून मी त्यांचा नंबर लिहून घेतला. खरंच वाटलं होतं की अर्ध्या तासाचं काम आहे.

आधी भाऊंची डायरी काढली. त्या दिवसापुढे माझ्याच अक्षरात 'अधिवेशन, मुंबई' आणि खाली 'दु. मंत्रालय'. मग विधिमंडळाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचं कामकाज शोधलं. विधेयक मांडलं, चार सदस्य बोलले, मंत्र्यांनी उत्तर दिलं, खंड विधेयकाचा भाग झाले, प्रस्ताव मतास टाकला, संमत झाला. बोललेल्या चारांत भाऊ नव्हते. बाकी कोणाचंच नाव नव्हतं. असणार कसं? अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं. आवाज होतो. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं. आवाज होतो किंवा होत नाही. होयचं बहुमत, असं जाहीर होतं आणि पुढचं विधेयक पुकारलं जातं. कोणी मतविभागणी, म्हणजे प्रत्यक्ष मतमोजणी, मागितली नाही तर होय म्हणणारी तोंडं कोणाची हे कागदावर येतच नाही. २८८ जणांच्या सभागृहाची गणपूर्ती, कामकाजाला लागणारी किमान हजेरी, एक दशांश, म्हणजे २९. तेवढे बसले असतील तरी कायदा होतो, आणि त्या २९ जणांचीही यादी त्या पानावर नसते.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. नऊ वर्षांत अशी शेकडो पानं मी चाळली आहेत. प्रत्येक वेळी नजर भाऊंच्या नावावर जायची, त्यांचं भाषण कापून फाइलला लावायचं, आणि पान बंद. संमत झाल्याची ओळ मी कधी वाचलीच नव्हती.

नावं कधी नोंदली जातात, तर सरकार पणाला लागतं तेव्हा. ३० नोव्हेंबर २०१९ ला शिरगणती झाली, विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने १६९, विरोधात एकही नाही, चार तटस्थ. ४ जुलै २०२२ ला १६४ विरुद्ध ९९. एकेक सदस्य उभा राहिला, आपलं नाव सांगितलं, मोजला गेला. पण १२ नोव्हेंबर २०१४ चा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानानेच झाला होता, आणि त्यावरून किती गदारोळ माजला ते अनेकांना आठवत असेल. एका ठरावाच्या आवाजावर एवढा वाद झाला. कायदे त्याच आवाजाने होतात, त्याबद्दल कोणी बोलत नाही. इथेच नागपुरात २८ डिसेंबर २०२२ ला विधानसभेने लोकायुक्त विधेयक संमत केलं, विरोधकांनी सभात्याग केलेला असताना, चर्चेविना. मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत आणणारं विधेयक. तेव्हा मी सिव्हिल लाइन्समध्येच होते, पाससाठी आलेल्यांना गेटवर सांभाळत.

दुपारी स्वीय सहायकांना विचारलं. हा माणूस मुंबईत सावलीसारखा भाऊंसोबत असतो आणि कामाला वाघ आहे, पण लोकांबद्दलचं त्याचं मत मला कधीच पटलेलं नाही.

"लोकायले नाली पाहिजे ताई, मत कोन पुसते? अन् पक्षाचा व्हिप असला का भाऊ तिकडेच न? लिहून टाका होय."

व्हिप म्हणजे मत कोणाकडे द्यायचं याचा पक्षादेश, आणि त्याबद्दलचं त्याचं म्हणणं खोटं नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदीपासून व्हिप मोडला तर आमदारकी जाऊ शकते. पक्षाची भूमिका त्या दिवशीच्या पेपरातही होती. 'होय' लिहायला काहीच अडचण नव्हती, काकांना ते खोटं आहे हे सिद्धही करता आलं नसतं. मी कोऱ्या कागदावर ते वाक्य लिहिलं सुद्धा. सही करताना डायरीतलं 'दु. मंत्रालय' आठवलं आणि कागद फाडला.

सोशल मीडियाच्या पोरांकडे त्या दिवसाचे फोटो होते. भाऊ विधानभवनाच्या पायऱ्या चढताना, भाऊ निवेदन देताना, भाऊ एका मंत्र्यांच्या दालनात. पोरं मेहनती आहेत, फोटोला तारीख-वेळ लावून ठेवतात. पण तीन पोरांच्या तीन वर्षांच्या कामात भाऊ सभागृहात बसलेत असा फोटो एकही नाही. आत कॅमेरा नेता येत नाही, हे त्याचं साधं कारण. तरी मला ते लागलं. जे दिसतं तेवढंच आम्ही काम म्हणून दाखवत आलो.

रात्री साडेदहाला भाऊ आले. पाय सुजलेले होते, दिवसभर उभे. बारा माणसं अजून बसलेली. ती गेल्यावर मी विचारलं. वाटलं होतं चिडतील. ते बराच वेळ डायरी बघत राहिले.

"मी नव्हतो त्या वेळी," ते म्हणाले. "टाकीची फाइल होती न, त्याच दुपारी मंत्र्यांनी वेळ दिली. सभागृहातून उठून मंत्रालयात गेलो. परत आलो तं विधेयक होऊन गेलं होतं."

टाकीची फाइल म्हणजे अहवालातलं पान ११. ज्या वस्तीत उन्हाळाभर टँकरमागे बाया धावायच्या तिथला जलकुंभ. सात वर्षं ती फाइल मी ढकलली आहे, तिच्या तीन त्रुटी मी स्वतः दुरुस्त केल्या आहेत. पहिल्यांदा नळाला पाणी आलं त्या सकाळी मी तिथे होते. एका आजींनी घागर भरून माझ्या हातावर पाणी ओतलं होतं. त्या दुपारी भाऊ सभागृहात बसून राहिले असते तर ती सही कदाचित आणखी एका अधिवेशनावर गेली असती, आणि विधेयक तरीही मंजूर झालंच असतं. मग मी कशाचा हिशेब मागत होते?

"असले तरी होयच म्हटलं असतं?" मी विचारलं.

"म्हणावंच लागलं असतं." थोडं थांबून म्हणाले, "वाचलं नव्हतं मी ते. आदल्या रात्री प्रत हातात आली." मग डायरी माझ्याकडे सरकवली. "काकायले खरं सांगून दे. लेटरहेडवर नको देऊ."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकांच्या घरी गेले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं, टाकीचंही. त्यांच्याकडे एक लांब कागद होता, पट्टीने आखलेला. दिनांक, विधेयक, हजर, होय, नाही, तटस्थ, कारण. पहिल्या ओळीत त्यांनी 'हजर' या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि कारणात 'मंत्रालय, जलकुंभ, तोंडी माहिती'.

मी म्हटलं, काका, टाकीमुळे साडेतीनशे घरांना पाणी मिळालं.

"टाकी चांगलीच झाली," ते म्हणाले. "ती दुसऱ्या रकान्यात येते. एका खात्यातली जमा दुसऱ्या खात्यात दाखवली तं आम्ही आक्षेप घ्यायचो." आवाजात राग नव्हता. मुलीच्या नोकरीचं काय झालं ते मी विचारलं. कंत्राट संपलं, एवढंच म्हणाले. उठताना त्यांनी तसाच आखलेला एक कोरा कागद माझ्या हातात दिला.

तो कागद आता १७ वं रजिस्टर झालाय. त्या अधिवेशनातलं मंजूर झालेलं प्रत्येक शासकीय विधेयक मी त्यात घेतलं आणि रोज रात्री भाऊंना विचारलं. पहिल्या दोन रात्री त्यांनी सांगितलं. तिसऱ्या रात्री आठवेना. चौथ्या दिवशी दुपारी माझ्या फोनवर त्यांचा मेसेज आला, विधेयकाचं नाव आणि पुढे 'बसलो होतो, होय'. शेवटच्या दिवशी एकामागून एक विधेयकं झाली आणि त्या ओळी कोऱ्याच राहिल्या. स्वीय सहायक म्हणतो, हे रजिस्टर विरोधकांच्या हाती लागलं तर आपणच आपल्या हाताने त्यांना काठी दिली. त्याची भीती खरी आहे. ज्याने आपली गैरहजेरी छापली तोच गैरहजर ठरेल, बाकीच्यांचे रकानेच नसतील.

या वर्षीच्या अहवालाची प्रूफं सोमवारी प्रेसला जायची आहेत. पान ३ वर, भाऊंच्या मनोगताच्या लगेच पुढे, मी तो तक्ता टाकलाय, कोऱ्या ओळींसकट. पान ११ वरच्या टाकीच्या फोटोखाली मंत्र्यांच्या सहीची तारीखही घातली आहे. काल रात्री गठ्ठा भाऊंच्या टेबलावर ठेवला. सकाळी बघितलं तर मनोगताच्या पानावर दोन दुरुस्त्या होत्या, पान ३ वर काहीच नव्हतं, आणि त्या पानाचा कोपरा दुमडलेला होता.