भूगोलाची वही आणि खाणीचा नकाशा

1972 साली मी आपल्या शाळेतून मॅट्रिक झालो. पुढची सगळी नोकरी कोळशाच्या खाणींत गेली. प्रशिक्षणार्थी म्हणून लागलो आणि महाव्यवस्थापक होऊन निवृत्त झालो. पुण्याच्या मुलाने या वाटेला जावं असं खरं तर इथे काही नव्हतं. आपल्या पायाखाली सगळा काळा पाषाण, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. कोळसा आहे तो चंद्रपूर, वणी, उमरेडकडे, त्याहून कितीतरी जुन्या गोंडवन खडकांत. हे मला आठवीतच कळलं, कारण आमच्या भूगोलाच्या सरांनी अख्खा वर्ग वेताळ टेकडीवरच्या दगडखाणीत नेला होता.

हेच सर नकाशाच्या बाबतीत फार कडक. रंग कितीही सुरेख भरा, प्रमाण आणि उत्तर दिशा नसली की पानावर आडवी लाल रेघ. आम्ही कुरकुरायचो.

1974 मध्ये धनबादच्या इंडियन स्कूल ऑफ माइन्सला प्रवेश मिळाला. दुसऱ्याच वर्षी, 27 डिसेंबर 1975 ला, जवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसलं आणि 375 माणसं गेली. शेजारच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या भागाला अडवणारी भिंत फुटली होती. पाणी उपसायला आठवडे लागले. त्या दिवसांत धनबादमध्ये कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. जुन्या पाणथळ भागाच्या 60 मीटरच्या आत परवानगीशिवाय काम नेऊ नये, हा नियम आम्ही पुस्तकात वाचला होताच. तो कशासाठी आहे ते तेव्हा समजलं.

खाणीतल्या कामाचं खरं शिक्षण मला मायनिंग सरदारांनी, म्हणजे पाळीवरच्या माणसांची सुरक्षितता बघणाऱ्या पर्यवेक्षकांनी दिलं. पाळी सुरू होताना सरदार लोखंडी कांबीने छत ठोकत पुढे जायचा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला की माणसं मागे आणि आधी टेकू. मोठ्या पदावर गेल्यावरही मी खाली उतरणं सोडलं नाही. छताचा आवाज ऑफिसात ऐकू येत नाही.

एका खाणीत आमचं काम 1973 च्या राष्ट्रीयीकरणाआधीच्या जुन्या भुयारांच्या दिशेने चाललं होतं. हाताशी असलेल्या जुन्या नकाशावर शेवटच्या मोजणीची तारीखच नव्हती. कागदावर अंतर भरपूर दिसत होतं. मी काम थांबवलं आणि पुढे लांब भोकं पाडून बघायला सांगितलं. वर्षअखेर जवळ आलेली, उत्पादनाचं टार्गेट डोक्यावर. प्रत्येक मीटिंगमध्ये मला एकच प्रश्न, काम कधी सुरू करताय? काही आठवड्यांनी एका भोकातून पाण्याची धार आली. नकाशात दाखवलं होतं त्याच्या बरंच अलीकडे. त्या भागात रोज तीन पाळ्यांची माणसं असायची. माझ्या सगळ्या नोकरीत मला सर्वांत जास्त समाधान देणारा निर्णय हाच, आणि त्याचं श्रेय मी सरांच्या लाल रेघेला देतो.

शाळेतल्या मुलींना मुद्दाम सांगायचंय: 2019 पासून भूमिगत खाणींत तांत्रिक आणि व्यवस्थापनाच्या जागांवर स्त्रियांनाही घेता येतं. धनबादची आमची संस्था आता आयआयटी आहे, आणि नागपूरच्या व्हीएनआयटीतही खाण अभियांत्रिकी शिकवतात. दहावी-बारावीच्या कुणाला या वाटेची चौकशी करायची असेल, तर माझा नंबर शाळेच्या ऑफिसात दिलेला आहे. संध्याकाळी सहानंतर केव्हाही फोन करा.