लॅडर आधी, पायथन मग

पायथनचा कोर्स केला म्हणून मिरवत होतो. आज चाकणच्या प्लांटमध्ये कन्व्हेयर अडला आणि मी लॅपटॉप उघडून नुसता बसलो. मेंटेनन्सच्या काकांनी पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) लॅपटॉपवर ऑनलाइन घेतला, लॅडरमधल्या, म्हणजे सर्किटच्या चित्रासारख्या दिसणाऱ्या त्याच्या प्रोग्रॅममधल्या, न उजळलेल्या एका कॉन्टॅक्टवर (स्विचच्या खुणेवर) बोट ठेवलं. "फोटोसेन्सर बघ रे." लेन्सवर धूळ! फडक्यानं पुसली, लाइन चालू. (म्हणे प्रोग्रामर!)

आयईसी ६११३१-३ या आंतरराष्ट्रीय मानकानं १९९३ साली पीएलसीच्या पाच भाषा ठरवल्या, लॅडरही त्यातच. त्यातली इन्स्ट्रक्शन लिस्ट आता मोडीत निघालीय. मी आधी लॅडर पक्कं करणार, मग स्ट्रक्चर्ड टेक्स्ट. ही भाषा पास्कल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या वळणाची आहे, लूप आणि आकडेमोड लॅडरमध्ये करण्यापेक्षा हिच्यात कितीतरी सुटसुटीत. पायथन राहील डेटा गोळा करायला.

उद्या काका जुन्या रिले (विजेवर चालणारे स्विच) पॅनेलचं ड्रॉइंग आणणार आहेत. चहा माझ्याकडून.