आमची वाटचाल : शीट, सीक्वेन्स आणि थकलेलं बिल

जीवशास्त्राच्या डेटासाठी रिपॉझिटरी, म्हणजे ऑनलाइन संग्रह, बांधायच्या, या एका कामावर पुण्यात आम्ही दोघांनी कंपनी काढली. भागीदार वनस्पतिशास्त्राचा, मी कोडवाला. पुढे डीस्पेस हे संग्रहाचं सॉफ्टवेअर, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. त्याचा हट्ट एकच : हर्बेरियमची शीट (कागदावर चिकटवलेला वाळका नमुना), तिच्यावरून काढलेला डीएनए सीक्वेन्स आणि छापलेला पेपर, यांतलं एक हाती लागलं की बाकीची दोन्ही सापडली पाहिजेत. जेनबँक या सार्वजनिक सीक्वेन्स-डेटाबेसचा अ‍ॅक्सेशन नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, आला म्हणून काम संपत नाही. व्हाउचर, म्हणजे पुरावा म्हणून जपलेला मूळ नमुना, कुठल्या हर्बेरियममध्ये आहे, तेही रेकॉर्डमध्ये हवं.

पहिलं गिऱ्हाईक कोल्हापूरच्या एक प्राध्यापक बाई. कास पठारावरच्या गेंद या फुलझाडांच्या त्यांच्या नोंदींत अक्षांश-रेखांश उलटे पडलेले. नकाशावर टाकल्यावर सगळे गेंद नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात! बाई हसल्या नाहीत. “पोरांना बोलू नका, दुरुस्त करा,” एवढंच म्हणाल्या. महाबळेश्वरची नाना स्पेलिंगं ओपनरिफाइन या डेटा-सफाईच्या सॉफ्टवेअरमधल्या क्लस्टरिंगने (सारख्या दिसणाऱ्या नोंदींचे गट करून) एकत्र केली. हे हत्यार फुकट मिळतं, तरी लोक वापरत नाहीत.

मग ते टेंडर. एका संस्थेचा संग्रह आम्ही ऑनलाइन उभा केला आणि नूतनीकरणाला एल-वन, म्हणजे सर्वांत कमी बोलीची, निघाली एक बडी कंपनी, आमच्या निम्म्या भावात. त्यांनी होमपेजवर उडती फुलपाखरं बसवली आणि प्रत्येक रेकॉर्डचा पत्ता बदलला. जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारा रीडायरेक्ट एकही नाही. छापलेल्या पेपरांतल्या लिंका एका रात्रीत मेल्या. टेंडरमध्ये कायमस्वरूपी आयडेंटिफायरचा, म्हणजे कधीही न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकाचा, उल्लेखच नव्हता, म्हणजे कागदोपत्री त्यांचं सगळं बरोबर. वर आम्हीच ‘जुन्या पद्धतीचे’. त्याच संस्थेत आमचं शेवटचं बिल अडकलं. पगार थांबले, भागीदाराने नोकरी धरली, सर्व्हरचं भाडं बायकोच्या क्रेडिट कार्डावर गेलं.

बाई मात्र स्वतःचे पेपर घेऊन संस्थेच्या समितीपुढे बसल्या आणि एकेक लिंक दाबून दाखवली. शेवटी आम्हाला बोलावणं आलं. जुन्या आयडींचा अख्खा तक्ता आमच्याकडे होताच. तो जोडला आणि पत्ते उघडू लागले. काम मिळालं ते सबकाँट्रॅक्ट म्हणून, त्याच बड्या कंपनीच्या हाताखाली!

२०१६ मध्ये फेअर तत्त्वं, म्हणजे डेटा सापडावा आणि पुन्हा वापरता यावा यासाठीचे निकष, प्रसिद्ध झाली. पहिलंच कलम कायमस्वरूपी आयडेंटिफायरचं. भागीदाराने ते पान मला पाठवलं, सोबत एक अक्षर न लिहिता. पुढची वर्षं बरी गेली.

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. टेंडरमध्ये होमपेजचे रंग लिहीत बसू नका. डार्विन कोअर या जैवविविधतेच्या नोंदींच्या प्रमाणित साच्यात एक्सपोर्ट मिळालाच पाहिजे, हे लिहा. डेटाबेसचा डंप, म्हणजे संपूर्ण प्रत, दर तिमाहीला स्वतःच्या ताब्यात घ्या. जनुकांची यादी एक्सेलमध्ये तशीच उघडू नका, ‘सेप्ट २’ या जनुकाची २ सप्टेंबर ही तारीख होते, या भानगडीपायी २०२० च्या सुमारास काही जनुकांचीच नावं बदलावी लागली. आणि माझ्यासारखं छोटं दुकान असेल, तर मोठी रक्कम शेवटच्या हप्त्यावर ठेवू नका. आमचं ते बिल अजून ‘ऑडिटला गेलंय’.