वाटणीपत्राचं इंग्रजी

साताऱ्यात मी कागदपत्रांची इंग्रजी भाषांतरं करून देते. जास्त करून जन्माचे आणि लग्नाचे दाखले. त्यात डोकं चालवावं लागत नाही. वाटणीपत्र आलं की मात्र आधी चहा सांगते.

त्या दिवशी एक काका आले ते थोरल्या भावाशी झालेलं जुनं वाटणीपत्र आणि त्याचं तयार इंग्रजी घेऊन. भाऊ आता नाहीत, पुतण्या न्यू जर्सीत. त्यानं एका ॲपवर भाषांतर करून तिथल्या वकिलाला दिलं, तर वकिलाचा उलटा प्रश्न : या दोघांच्या बायकांची नावं कुठायत? ‘भाऊ विभक्त झाले’ याचं ॲपनं ‘लीगली सेपरेटेड’ केलं होतं. इंग्रजीत ही जोडी नवरा-बायकोची. एकत्र कुटुंबातून निघालेल्या भावांसाठी कोर्टात ‘सेव्हरन्स ऑफ स्टेटस’ म्हणतात, म्हणजे एकत्र कुटुंबातला दर्जा तुटणं. ‘जमिनीची वाटणी’ हा पुढचा, निराळा टप्पा. माणूस आधी वेगळा होतो, बांध नंतर पडतो. १९१६ साली प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टानं, गिरजाबाई विरुद्ध सदाशिव ढुंढिराज या खटल्यात हेच धरलं होतं.

पण काका त्यासाठी आले नव्हते. त्यांनी मोबाईल पुढे केला. पुतण्याचा मेसेज : ‘काका, आमचे पन्नास गुंठे कुठे गेले?’

मूळ कागदात होतं, ‘सरसनिरस मानाने वाटून घेतली’, म्हणजे जमिनीचा बरावाईट कस बघून. ॲपनं केलं ‘डिव्हायडेड इक्वली’. एकूण साडेपाच एकर, म्हणजे २२० गुंठे. पुतण्यानं दोनानं भागलं, ११० आले. वडिलांच्या नावावर दीड एकर, ६० गुंठे. हिशेब चोख, वाक्यच खोटं. दीड एकर विहिरीखालचं बागायत होतं, काकांकडचे चार एकर निव्वळ माळ. काळी आणि मुरमाड एका मापानं कोण वाटून घेतं?

सरसनिरसला इंग्रजीत सरळ जोडीदार नाही. मी ‘पार्टिशन्ड बाय मीट्स अँड बाऊंड्स’ घेतलं, म्हणजे मापं आणि चतुःसीमा घालून केलेली वाटणी, आणि पुढे ‘हॅविंग रिगार्ड टु द क्वालिटी ऑफ द लँड’ जोडलं. लांबलचक झालं, पण झगडा ओढवण्यापेक्षा लांब वाक्य बरं. विहिरीचीही तीच गत. कागदात ती सामाईक, पाणी पाळीनं. ॲपची विहीर ‘शेअर्ड आउट’, म्हणजे वाटून संपलेली. तिथे ‘हेल्ड इन कॉमन’ केलं आणि पाळीचे वार जसेच्या तसे लिहिले.

संध्याकाळी, तिकडची सकाळ धरून, काकांनी माझ्यासमोरच फोन लावला. मी नवीन वाक्यं वाचली, मग मराठीत सांगितली.

“म्हणजे विहिरीखालचं आमच्याकडे?” पुतण्यानं विचारलं.

“तुझ्या बापानं मागून घेतलं होतं. मी थोरल्याला नाही कसं म्हणणार?” काका म्हणाले.

पुतण्या वरमला. वकिलाला नवी प्रत पाठवतो म्हणाला. काकांनी फोन ठेवला, पैसे मोजून दिले आणि दारापर्यंत जाऊन परत फिरले.

“ताई, माळाला आता हायवे लागलाय. ते काही यात येत नाही ना?”