ऐनवेळचा माणूस

पाकिटावर आधी विनयचं नाव होतं. ते निळ्या बॉलपेनने दोनदा खोडून वर माझं लिहिलेलं, तेही आडनावात चूक करून. पैसे ठरल्याप्रमाणे होते, तक्रार नाही. निवेदिका ‘ऐनवेळी धावून आलेले’ म्हणाली, तेही खोटं नाही. विनय येणार नाही असा दुपारी फोन आला आणि मी खरंच रिक्षात पेटी टाकून धावलो. मग हे कालपासून डोक्यातून जात का नाहीये?

दुसऱ्या अंतऱ्यानंतर गाणाऱ्या ताईंनी वळून बघितलंही होतं. पण ते माझ्याकडे की विनय नाही हे आठवून, कोण जाणे. असो.

झोप येईना म्हणून केनी डॉरहम लावला, टेक्ससचा जॅझ ट्रम्पेटवाला. माझी अशा रात्रींची जुनी खोड. डिसेंबर १९४८ मध्ये ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करच्या संचातून बाहेर पडला, तेव्हा त्याच्या जागी आला तो हाच. पुढच्या मे महिन्यात पार्करबरोबर पॅरिसच्या जॅझ महोत्सवाला गेला, तर माइल्स तिथेही हजर, दुसऱ्या संचातून वाजवायला! विनय पहिल्या रांगेत येऊन बसला असता तर माझी बोटं चालली नसती. जून १९५६ मध्ये ट्रम्पेटवाला क्लिफर्ड ब्राउन पंचविसाव्या वर्षी मोटार अपघातात गेला. त्याच्या रिकाम्या जागी त्याचा ड्रमवाला जोडीदार मॅक्स रोचने बोलावलं ते पुन्हा डॉरहमलाच. समोरचे लोक ऐकत असतील याला, आणि आठवत असतील त्याला. तरी हा उभा राहून वाजवत होता.

जॅझ मेसेंजर्स या गाजलेल्या संचात तर तो अगदी सुरुवातीचा ट्रम्पेटवाला. पण आज मेसेंजर्सचं नाव काढा, लोक नंतरच्या ट्रम्पेटवाल्या ली मॉर्गनवर सुरू होतात.

मरणाचंही तेच. मॉर्गन न्यूयॉर्कच्या क्लबात गोळी लागून गेला, चेट बेकर, तोही ट्रम्पेटवालाच, ॲमस्टरडॅममध्ये हॉटेलच्या खिडकीतून पडून. दोघांच्या गोष्टी लोक रंगवून सांगतात. डॉरहम १९७२ साली मूत्रपिंडाच्या आजाराने गेला, ४८ वर्षांचा. मधल्या काळात पोटासाठी पोस्टात नोकरी केली, ‘डाउन बीट’ मासिकात दुसऱ्यांच्या रेकॉर्डची परीक्षणं लिहिली. यात रंगवून सांगण्यासारखं काय आहे?

इथवर मी त्याच्यासाठी हळहळत होतो की स्वतःसाठी, हे मलाच कळेनासं झालं. जरा हसूही आलं. कुठे तो, कुठे मी आणि माझं तीन सप्तकांचं खोकं.

मग ‘ब्लू बॉसा’ लावलं. त्याची सगळ्यात गाजलेली चाल, आणि तीसुद्धा १९६३ साली आली सॅक्सोफोनवाल्या जो हेंडरसनच्या रेकॉर्डवर! स्वतःच्या नव्हे. घ्या. आज जॅझ शिकणारं प्रत्येक पोर ती वाजवतं. सोळा बारची, म्हणजे चार-चार मात्रांच्या सोळा गटांची साधी चाल, पांढरी एकच्या मायनरमधली. नवव्या बारला काळी एकच्या मेजरमध्ये सरकते, चार बार तिथे रमते आणि काही घडलंच नाही अशी परत येते. डॉरहम स्वतः त्यात आवाज चढवतच नाही. शेजारी बसून बोलल्यासारखा वाजवतो. ट्रम्पेटवाल्या फ्रेडी हबर्डचा झगमगाट मला आवडतो, पण रात्री एक वाजता तो नको वाटतो.

विनय आला असता तर कालचं गाणं कसं झालं असतं? बहुतेक असंच. हे मान्य करायला मला अख्खी रात्र लागली.

पेटी काढलीच शेवटी. भाता अगदी हळू, तरी काळी एकवरून परत येताना बोट घसरलं. आतून आईचा आवाज, “हे कुठलं रे भजन?”

“टेक्ससचं.”

“बरं. बाबांना उठवू नकोस.”